अर्धी मात्रा

थिओफिल, तुझ्या नडगीत जे वाढत होतं
ते आता माझ्याकडे आहे,
शहाण्णव खळग्यांच्या एका ताटलीत.
तू खाली तिसऱ्या वॉर्डात, मी वर,
मध्ये एक जिना,
त्याचा दिवा संध्याकाळपासून गेलेला.

फोरेकेच्या उतारावर मोटरसायकल घसरली.
मागची बाई मांडीवरची अंडी सांभाळत उडाली म्हणतोस,
आणि हसतोस. अंडी शाबूत.
जखम तर बोटभर होती.
मग पहिलं औषध. मग दुसरं.
तिसऱ्यासाठी तुझ्या भावानं
हेल्मेटसकट गाडी विकली.
कुणाचीच मात्रा चालेना.

मी ओळखते त्यांना.
औषध आत येतं, ते बाहेर उपसतात,
जशी तुझी आई घरात शिरलेलं पाणी
पातेल्यानं उंबऱ्यापार लोटते,
न थकता, कुणावर न चिडता.
वैर नाही त्यांचं तुझ्याशी.
नुसता उपसा.

साल मी बाजारातून आणली.
क्लोतिल्द न्गेमोला झाडाचं नाव तीनदा विचारलं,
तिनं तीन सांगितली.
वर्तमानपत्रात पुडी बांधताना म्हणाली,
एकटी नको देऊस, हिला सोबत लागते.
कशाची?
ते आजाराला विचार.
मी हसले होते. वहीत लिहिलं मात्र नाही,
लिहायला हवं होतं.

आता बघ: डावीकडून उजवीकडे औषध,
पूर्ण, अर्धं, पाव, अदपाव, छटाक,
आणि पुढे ज्यांना नावंच उरत नाहीत असे थेंब.
वरून खाली सालीचा अर्क, तसाच निम्मा-निम्मा.
प्रत्येक खळग्यात दोघांची वेगळी गाठ.
आणि सगळीकडे तू.

दोन वाजता वीज गेली.
जनरेटर खोकला, थांबला, पुन्हा खोकला.
खिडकीच्या फटीतून वाळवंटाकडची धूळ येत होती
आणि मी उबवणीपेटीच्या दारावर
पाठ टेकून बसले,
जणू ऊब माझ्या भरवशावर राहणार होती.

सकाळी निळा रंग टाकला.
जे जिवंत असतं ते निळ्याचं गुलाबी करतं.
दोन तास. चहा. पुन्हा बघणं.
एकट्या औषधाची रांग: गुलाबी.
एकट्या सालीची रांग: गुलाबी,
लग्नाच्या कागदी फुलांसारखी निर्लज्ज.
पण आतल्या बाजूला,
जिथे पाव औषधाला अदपाव साल भेटली,
तिथे निळं.
निळं, निळं, आणि हद्द खाली येताना
पायऱ्या पायऱ्यांनी उतरलेली.
सालीतलं काहीतरी त्या पातेल्याला अडकलं असावं.
पाणी तुंबलं.
उपसणारे हात बुडाले.

असावं, म्हणते मी. पाहिलेलं नाही.

डॉक्टर न्गिम्फाक चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, ताटली म्हणजे माणूस नव्हे.
खरंच आहे.
त्या सालीत आणखी काय काय आहे,
कुणाच्या मूत्रपिंडाचं काय करेल,
मग उंदीर, मग वर्षं, मग कागद.
तुझं ऑपरेशन गुरुवारी.
गुडघा वाचेल, म्हणतात.

ताटली खाली नेता येत नाही, नियम आहे.
म्हणून फोनवरचा फोटो दाखवला तुला.
तू तो बोटांनी मोठा केलास.
छान आहे, म्हणालास, कसला खेळ?
मी म्हटलं, तसाच काहीतरी.
कोण जिंकतंय?
निळा.
मग मी कुठला?

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं पाणी मागितलं,
ते मी दिलं. परत आले तेव्हा
तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास,
फोन छातीवर, स्क्रीन काळी.

जिना चढताना आठवलं,
साल संपत आलीय.
क्लोतिल्द बुधवारी बसते,
कोंबड्यांच्या रांगेत, अगदी टोकाला.